दार उघडू नका! घरच्या घरी दालचिनीचे पॉपओव्हर

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. ‘पाण्याची वाफ झाली की तिचं आकारमान सुमारे सतराशे पट होतं’ हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, त्याची गणती नाही. मुलं ते पाठ करायची, परीक्षेत लिहायची आणि विसरून जायची. खरं सांगायचं तर मीसुद्धा ते वाक्य फळ्यावरच सोडून घरी यायचे. निवृत्त झाल्यावर मात्र ते मला पुन्हा भेटलं, आणि तेही घरात, एका भट्टीच्या काचेआड. भेट घालून दिली माझ्या दहा वर्षांच्या नातीनं. आणि ज्या पदार्थामुळं ही भेट झाली, त्याचं नाव पॉपओव्हर.

पॉपओव्हर हा अमेरिकेतला पदार्थ. मैदा, दूध, अंडी आणि मीठ. बस्स, एवढंच. यीस्ट नाही, बेकिंग पावडर नाही, सोडा नाही. पातळ मिश्रण साच्यात अर्ध्याच्या वर ओतायचं आणि कडक तापलेल्या भट्टीत ठेवायचं. वीस मिनिटांत ते साच्याच्या काठावरून उसळून बाहेर येतं, दुप्पट-तिप्पट उंच होतं. बाहेरून खरपूस, कुरकुरीत. आतून पोकळ, किंचित ओलसर. काठावरून उसळतं म्हणूनच त्याचं नाव तसं पडलं.

त्याचं मूळ घराणं इंग्लंडचं. तिकडं यॉर्कशायर पुडिंग नावाचा प्रकार आहे. भाजायला लावलेल्या मांसातून जी चरबी खाली ठिबकायची, ती वाया जाऊ नये म्हणून खाली एक थाळा ठेवायचे आणि त्यात हेच पातळ पीठ ओतायचे. १७३७ सालच्या एका इंग्रजी पुस्तकात त्याची कृती ‘ठिबक-पुडिंग’ अशा अर्थाच्या नावानं दिलेली आहे. पुढं १७४७ मध्ये हॅना ग्लास या बाईंच्या गाजलेल्या पाकपुस्तकात ते यॉर्कशायर पुडिंग या नावानं आलं. जेवणाच्या सुरुवातीलाच ते वाढायचे, म्हणजे पोट थोडं भरायचं आणि महागडं मांस पुरवठ्याला यायचं. गरिबीतली शहाणीव म्हणा ना! आपल्याकडं आमटी पुरवायला भात आधी वाढतात, त्यातलाच हा प्रकार.

हे पीठ अमेरिकेत पोचलं तेव्हा चरबीच्या जागी लोणी आलं आणि एका थाळ्याच्या जागी छोटे छोटे साचे आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पॉपओव्हरचा उल्लेख तिकडं सापडतो आणि १८७६ सालच्या एका पाकपुस्तकात त्याची कृती छापलेली आहे. आज त्याचं सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण म्हणजे मेन राज्यातल्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानातलं जॉर्डन पाँड हाऊस. तळ्याकाठच्या हिरवळीवर बसून चहाबरोबर गरम पॉपओव्हर, लोणी आणि स्ट्रॉबेरीचा जॅम खायचा, ही तिथली प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासूनची. १९७९ साली ती जुनी वास्तू आगीत जळली. लोकांनी ती पुन्हा उभी केली आणि पॉपओव्हरही पुन्हा सुरू झाले.

२०१८ साली मी मुलीकडं बॉस्टनला गेले होते, तेव्हा आम्ही गाडीनं तिकडं गेलो. नात पाच वर्षांची होती. तिनं पॉपओव्हर फोडला, आतली वाफ भसकन बाहेर आली आणि ती ओरडली, “आजी, आत काहीच नाही!” मी म्हटलं, “अगं, आहे ना. वाफ होती. आत्ता उडाली.” ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं. पाच वर्षांनी, २०२३ च्या जुलैमध्ये, ती सुट्टीत पुण्याला माझ्याकडं आली, तेव्हा तिच्या पिशवीत सहा खळ्यांचा एक साचा होता. “आजी, आपण दोघींनी पॉपओव्हर करायचे. दालचिनी-साखरेचे.”

आता माझी अडचण सांगते. ती तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरातली असेल. आमच्या घरात अंडं येत नाही. म्हणजे मला वर्ज्य नाही, यजमानांनाही नव्हतं. बाहेर गेलो की आम्ही ऑम्लेट खायचो. पण घरात सासूबाई. तेव्हा त्यांचं वय अठ्ठ्याऐंशी. पन्नास वर्षं त्या स्वयंपाकघराचा एक नियम आम्ही सगळ्यांनी पाळला होता. तो मोडायचा माझा धीर होईना, आणि नातीला ‘नाही’ म्हणायचाही धीर होईना. मराठी तिला समजतं, पण बोलताना अडखळते. त्यामुळं आमच्या दोघींचं बोलणं ‘जेवलीस का’, ‘झोपलीस का’ यापुढं फारसं जात नसे. हातात काहीतरी एकत्र करायला असतं, तेव्हाच माणसं बोलतात, हे मी शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिलेलं आहे. म्हणून ही संधी मला सोडायची नव्हती.

मग मी नेहमीची पळवाट काढली. अंड्याशिवाय करून बघू! दही घातलं, चिमूटभर सोडा घातला, जवसाची पूड भिजवून घातली. मिश्रण छान दिसत होतं. भट्टीतून बाहेर आले ते सहा बसके, ओलसर, जड गोळे. चवीला वाईट नव्हते, पण ते पॉपओव्हर नव्हतेच. नात काही बोलली नाही. जॅम लावून एक खाल्ला आणि बाकीचे तसेच राहिले.

असं का झालं? इथं माझ्यातली बाई जागी झाली. आपण जरा त्या साच्याच्या आत डोकावून बघू.

एक कप दूध म्हणजे बहुतांशी पाणीच. अंड्यातही पाऊण भाग पाणी. म्हणजे सहा पॉपओव्हरच्या पिठात पाव लिटरहून जास्त पाणी असतं. तापलेल्या साच्यात पीठ ओतलं की कडेचं आणि तळाचं पीठ लगेच धरायला लागतं. वरच्या बाजूला एक पातळ साय धरते. मधलं पीठ अजून पातळच असतं. ते शंभर अंशांच्या आसपास पोचलं की पाण्याची वाफ व्हायला लागते. चहाचा एक चमचा पाणी घ्या, म्हणजे पाच मिलिलिटर. त्याची सगळी वाफ झाली तर ती आठ लिटर जागा मागते! आठ दुधाच्या पिशव्यांइतकी जागा, एका चमच्यातून. सगळं पाणी काही एकदम उकळत नाही आणि पुष्कळशी वाफ निसटूनही जाते; पण जी आत अडकते तीच साय वर ढकलते, ताणते आणि साच्याबाहेर काढते. आतले छोटे बुडबुडे एकमेकांत मिसळून एक मोठी पोकळी होते.

आता फुगणं ही एक गोष्ट आणि फुगलेलं टिकणं ही दुसरी. फुग्यात हवा भरणं सोपं, पण फुग्याचं रबर चांगलं हवं. पॉपओव्हरचं रबर दोन गोष्टींचं. मैद्यातलं ग्लूटेन म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, ते ताणतं पण तुटत नाही. आणि अंड्यातली प्रथिनं. ती आधी पातळ असतात, म्हणून ताणली जातात. साठ-सत्तर अंशांपासून ती घट्ट व्हायला लागतात आणि एकदा घट्ट झाली की पुन्हा पातळ होत नाहीत. उकडलेलं अंडं गार झालं म्हणून परत पातळ होतं का? नाही ना. म्हणजे अंडं हे इथं चवीसाठी नाही, ते भिंतीतलं सिमेंट आहे. शिवाय पिवळ्या बलकातल्या चरबीमुळं रंग आणि खरपूसपणा येतो. केकमध्ये अंड्याऐवजी दही किंवा जवस चालतं, कारण तिथं फुगवायला सोडा असतो आणि साचा भरून पीठ असतं. पॉपओव्हरमध्ये मोकळ्या हवेत भिंत उभी राहायची असते. तिथं अंड्याला पर्याय नाही. मी स्वतःची पूर्ण फसवणूक करून झाल्यावर हे मान्य केलं, म्हणून तुम्हाला सरळ सांगते.

शेवटी मी सासूबाईंकडं गेले. म्हटलं, “आई, पोरीला एक पदार्थ करायचाय. त्यात अंडं लागतं. तुम्हाला चालणार नसेल तर आम्ही शेजारी जाऊन करतो.” त्या जपमाळ खाली ठेवून म्हणाल्या, “पोर एवढ्या लांबून आलीय आणि शेजाऱ्यांच्या घरी जाऊन स्वयंपाक करणार? मागच्या गॅलरीत करा. माझी भांडी घेऊ नका म्हणजे झालं.” पन्नास वर्षांचा प्रश्न दोन वाक्यांत सुटला. इतकी वर्षं तो कुणी विचारलाच नव्हता.

ओटीजी गॅलरीत गेला. एक वेगळं पातेलं, एक रवी, एक चमचा विकत आणला. तर मंडळी, कागद-पेन्सिल जवळ असेल तर कृती लिहून घ्या. सहा पॉपओव्हरचं प्रमाण सांगते.

एक कप मैदा, म्हणजे साधारण सव्वाशे ग्रॅम. त्याच कपानं एक कप दूध. कप सुमारे २४० मिलिलिटरचा. मोठी दोन अंडी. अंडी लहान असतील तर तीन. पाव चमचा मीठ. एक मोठा चमचा पातळ केलेलं लोणी. अर्धा चमचा दालचिनीची पूड. एक चमचा साखर. साच्याला लावायला साजूक तूप. आणि वरून लावायला अर्धा कप बारीक साखर, त्यात दोन चमचे दालचिनीची पूड, आणि तीन मोठे चमचे पातळ लोणी.

दूध कोमट करून घ्या. अंडी फ्रिजमधली असतील तर दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. दूध-अंडी आधी घुसळा, मग मैदा, मीठ, दालचिनी, साखर आणि लोणी घाला. पीठ घावनाच्या पिठाइतकं सैल हवं. डोशाच्या पिठासारखं दाट झालं तर चुकलं. बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. अर्धा तास झाकून ठेवा म्हणजे मैदा पाणी पिऊन घेतो.

तेवढ्यात भट्टी २३० अंश सेल्सिअसवर तापवा, आणि साचाही रिकामा आतच ठेवा. हे फार महत्त्वाचं. तापलेल्या साच्याला झटकन तूप लावा. इथं आपलं तूप लोण्यापेक्षा बरं, कारण लोण्यातला दुधाचा अंश एवढ्या उष्णतेला करपतो, तूप टिकतं. पीठ प्रत्येक खळ्यात अर्ध्याच्या थोडं वर, फार तर दोन-तृतीयांश ओता. साचा भट्टीत अगदी खालच्या कप्प्यात ठेवा, कारण पॉपओव्हर वर चढतात आणि लहान भट्टीत वरच्या सळईला टेकून करपतात.

पंधरा मिनिटं २३० अंशांवर. मग तापमान १८० वर आणा आणि आणखी पंधरा ते अठरा मिनिटं. आणि या सगळ्या वेळात दार उघडायचं नाही. अजिबात नाही.

पहिल्या खेपेला आम्ही इथंच चुकलो. दूध फ्रिजमधून काढून तसंच ओतलं होतं, म्हणून पीठ उकळायला वेळ लागला. तोवर वरची साय कडक झाली, आणि कडक साय ताणणार कशी? त्यातून बाराव्या मिनिटाला नातीनं उत्साहानं दार उघडलं. गार हवा आत शिरली. डोळ्यांदेखत सहाच्या सहा पॉपओव्हर बसले. मी तिला सांगितलं, वाफ गार झाली की तिचं पुन्हा पाणी होतं, आठ लिटरचा पुन्हा एक चमचा. भिंती अजून ओल्या होत्या, त्या आत ओढल्या गेल्या. तिनं विचारलं, “म्हणजे माझ्यामुळं?” मी म्हटलं, “दुधामुळं आणि तुझ्यामुळं, निम्मं निम्मं. दूध माझं होतं.” मग हसली.

दुसऱ्या खेपेला दूध कोमट होतं, दार बंद होतं, सगळं यथासांग चाललं होतं. काचेतून पॉपओव्हर काठावर आलेले दिसत होते. आणि दहाव्या मिनिटाला वीज गेली! जुलैचा पाऊस, वाऱ्यात कुठंतरी फांदी पडली असणार. भट्टीतला लाल प्रकाश गेला आणि आम्ही दोघी अंधारात बसून राहिलो. वीज तासानं आली. आत सहा चपट्या पुऱ्या होत्या. नातीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या परतीला चारच दिवस राहिले होते.

त्या रात्री जेवताना सासूबाईंनी विचारलं, “काय गं, झालं का तुमचं ते?” नातीनं तिच्या मोडक्या मराठीत सगळं सांगितलं. वाफ, चमचा, आठ लिटर, सगळं. पणजीला विज्ञान शिकवणारी ती आमच्या घराण्यातली पहिलीच. सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे फुलक्यासारखंच की. फुलक्याचा पापुद्रा ओला राहिला तर तोही बसतो. आणि कुठं भोक पडलं तर फुगतच नाही.”

मी चकित झाले. तीस वर्षं शिकवून जे उदाहरण मला सुचलं नव्हतं, ते या बाईनं पोळीचा घास मोडताना दिलं. खरंच आहे. पुरी तेलात पडली की वरचा पापुद्रा तत्काळ धरतो आणि आतल्या पाण्याची वाफ दोन पापुद्रे वेगळे करते. कणीक फार कोरडी असेल तर वाफ कमी, पुरी कुठं पातळ कुठं जाड असेल तर वाफ पातळ जागेतून पळते, आणि तेल पुरेसं तापलेलं नसेल तर पापुद्रा धरण्याआधीच पाणी निघून जातं. पॉपओव्हरचे नियम तेच आहेत : पुरेसं पाणी, एकसारखा पापुद्रा, कडक उष्णता आणि भोक नको. फरक इतकाच, की पुरीच्या बाबतीत झाऱ्यानं दाबता येतं, पॉपओव्हरच्या बाबतीत हात बांधून बसावं लागतं.

हे फुगणं साहेबलोकही किती मनावर घेतात बघा. २००८ साली ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनं जाहीर केलं होतं, की चार इंचांपेक्षा कमी उंचीच्या यॉर्कशायर पुडिंगला यॉर्कशायर पुडिंग म्हणू नये. रसायनशास्त्रज्ञांची मान्यवर संस्था ही! आपल्याकडं न फुगलेल्या पुरीला नावं ठेवायला संस्था लागत नाही, पंगतीतला कुणीही पुरतो.

तिसऱ्या खेपेच्या आधी दालचिनीविषयी थोडं सांगायला हवं, कारण ‘दालचिनीचे पॉपओव्हर’ म्हणताना लोक एक चूक करतात. सगळी साखर आणि दालचिनी पिठातच घालतात. साखर पाणी धरून ठेवते, ग्लूटेनला नीट जुळू देत नाही, आणि अंडं व पिष्ट घट्ट व्हायला उशीर लावते. शिवाय वरचा रंग लवकर येतो, त्यामुळं आपल्याला वाटतं झालं, आणि आत कच्चं असतं. जास्त साखरेचे पॉपओव्हर म्हणूनच ठेंगणे राहतात. दालचिनीची पूड पाण्यात विरघळत नाही, ती खाली बसते. ओतण्याआधी पीठ ढवळायला विसरू नका. तेव्हा गोडवा बाहेरून लावायचा. पिठात नावापुरती साखर आणि वासापुरती दालचिनी.

बाजारात दालचिनी दोन प्रकारची मिळते. जाड, कडक, लाकडासारखी साल असते ती बहुधा कॅसिया. तिचा वास उग्र, चव तिखट. दुसरी श्रीलंकेची म्हणून ओळखली जाणारी खरी दालचिनी. ती कागदासारखी पातळ, एकात एक गुंडाळलेल्या अनेक पदरांची, बोटांनी मोडते, वास सौम्य आणि गोडसर. ही आपल्या कोकणातही होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं ‘कोकण तेज’ नावाची तिची जात दिलेली आहे आणि नारळी-पोफळीच्या बागांतून ती लावतात. गोड पदार्थाला ही दुसरी जास्त शोभते. कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं, ते रोज फार प्रमाणात पोटात गेलं तर यकृताला बरं नाही. कधीमधी खाणाऱ्याला भीती नाही, पण रोज चमचाभर दालचिनी खाण्याचे जे सल्ले फिरतात, ते ऐकताना हे लक्षात ठेवा. पूड घरी, वेळेवर करा. डब्यात महिनोन्‌महिने पडलेल्या पुडीला फक्त रंग उरतो.

तर तिसरी खेप. निघण्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. सासूबाईंनी त्यांची खुर्ची गॅलरीच्या दाराशी आणून ठेवायला सांगितली. आत यायचं नाही, पण काच दिसली पाहिजे. साचा आत गेला. पाच मिनिटं काही नाही. आठव्या मिनिटाला कडा हलल्या. दहाव्या मिनिटाला पीठ काठावर आलं. नात जागच्या जागी उड्या मारत होती. तिचा हात दाराकडं जातो न जातो तोच मागून आवाज आला, “उघडू नकोस गं! फुगतंय ते!” पणजीचा आवाज इतका खणखणीत मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

पंधरा मिनिटांनी उष्णता कमी केली. आणखी सतरा मिनिटं. पॉपओव्हर चांगले गडद तांबूस झाले पाहिजेत. सोनेरी दिसले की काढायचा मोह होतो, तो आवरा. फिकट पॉपओव्हरच्या भिंती ओल्या असतात आणि बाहेर आले की दोन मिनिटांत बसतात. भट्टी बंद केली, तेव्हा कुठं दार उघडलं. प्रत्येकाला कडेला सुरीच्या टोकानं एक छोटं भोक पाडलं. आता भोक पाडायचं, कारण भिंती तयार झाल्या. आतली वाफ आतच राहिली तर ती पाणी होऊन कुरकुरीतपणा घालवेल. बंद भट्टीत दार किंचित उघडं ठेवून आणखी तीन-चार मिनिटं. मग गरम गरमच लोण्यात बुडवून दालचिनी-साखरेत घोळवले. पावसाळी दमट हवेत हे लगेच खायचे. अर्ध्या तासात साखर ओलावा ओढते आणि कुरकुरीतपणा जातो. उरलेच, तर साखर न लावता ठेवा आणि खाताना पाच-सात मिनिटं भट्टीत गरम करून मग घोळवा. मायक्रोवेव्हमध्ये नको, तिथं ते चामड्यासारखे चिवट होतात. करतानाही साधा मायक्रोवेव्ह चालत नाही. त्यात वरचा पापुद्रा धरतच नाही. कणकेचे करायचे असतील तर पाव भाग कणीक, बाकी मैदा. कोंड्याचे कण पापुद्र्याला बारीक छिद्रं पाडतात, म्हणून सगळी कणीक घेतली तर ते फुगत नाहीत.

सहापैकी पाच उंच, एक जरा वाकडा. नातीनं वाकडा माझ्या ताटलीत ठेवला आणि म्हणाली, “हा दुधाचा.” मला तो सगळ्यात गोड लागला.

सासूबाईंनी अर्थातच खाल्ला नाही. पण पोरगी केलेला पदार्थ पणजीला देऊ शकत नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मग मी स्वयंपाकघरात गेले. तवा ठेवला, एक फुलका लाटला, आचेवर धरला. तो टम्म फुगला. त्याचा वरचा पापुद्रा उघडून आत साजूक तूप आणि तीच दालचिनी-साखर घातली. नातीनं तो ताटलीत घालून पणजीला नेऊन दिला. “पणजी, हा तुमचा पॉपओव्हर. यात पण वाफ होती. आता उडाली.” ज्यांच्या घरी अंडं चालत नाही, त्यांना माझा हाच सल्ला आहे. बिनअंड्याच्या पॉपओव्हरच्या मागं लागून निराश होऊ नका. त्याचा बिनअंड्याचा भाऊ आपल्या तव्यावर पिढ्यान्‌पिढ्या फुगतो आहे. त्याला दालचिनी-साखर तेवढी दाखवा.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर निघताना नातीनं साचा पिशवीत भरला नाही. गॅलरीत ओटीजीवर ठेवून गेली. “पुढच्या वर्षी लागेल,” म्हणाली. सासूबाईंनी तो पुसून कपाटात ठेवायला लावला. स्वयंपाकघरातल्या नव्हे, गॅलरीतल्या कपाटात. नियम तो नियम!

तर या रविवारी करून बघा. दूध कोमट, साचा तापलेला, पीठ सैल, साखर बाहेरून. आणि काचेतून कितीही मोह झाला, तरी अर्धा तास दार उघडू नका.